केस दुखतात, डोकं नाही

"केस दुखतात," असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "डोकं दुखत असेल."

"डोकं नाही. केस."

"केस कसे दुखतील? कापताना कधी दुखतात का?"

तो धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कुठल्याही बिघाडाचं कारण सापडेपर्यंत तो बिघाड मानतच नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "वेणी सैल घाल गो, दुखायचं थांबेल." मी वेणी सैल घातली.

जानेवारीत माझ्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि फेब्रुवारीत पहिली केमो. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा घ्यायच्या होत्या. केस जाणार हे हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं. जाण्याआधी ते दुखतील हेही त्या म्हणाल्या असणार, पण तेव्हा माझं निम्मं लक्ष हातातल्या सुईकडे होतं. पंधराव्या दिवशी सुरुवात झाली. दिवसभर घट्ट बांधलेला अंबाडा सोडला की मुळं कशी ठणकतात, तसं ठणकायचं. फरक इतकाच की अंबाडा सोडून चार दिवस झाले तरी ते थांबत नव्हतं. पंख्याचा वारा लागला तरी दुखायचं. दुपारी जरा आडवी झाले तर उशीचा खळ दिलेला अभ्रा सँडपेपरसारखा टोचायचा. शेवटी मी पालथी झोपायला लागले. मग ऑपरेशनची जागा दुखायला लागली. पुढे काही दिवस मी भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच डुलक्या काढल्या.

माझे केस कमरेपर्यंत होते. मी घरी ब्लाऊज शिवते, आणि वीस वर्षं रोह्यातल्या बायका मापं द्यायला आल्या की आधी माझ्या वेणीकडे बघून तेल कुठलं लावता ते विचारायच्या, मग गळा किती खोल ठेवायचा ते सांगायच्या. त्या वेणीचा मला थोडा माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सतराव्या दिवशी न्हाणीत डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि केसांचा एक झुपका तसाच घरंगळत मोरीच्या जाळीवर जाऊन बसला. मला वाटलं काहीतरी जनावर आहे. मी किंचाळले. नवरा दाराबाहेरून म्हणाला, "झुरळ आहे का?" मी म्हटलं, "नाही, मी आहे."

तिथून पुढे केस घरभर झाले. मशीनच्या बॉबिनमध्ये केस, गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजच्या काखेत केस. एका बाईंनी मरून ब्लाऊजच्या टिपेतून माझा हातभर लांब केस ओढून काढला आणि "असू दे, असू दे," म्हणत पर्समध्ये ठेवला. तो त्यांनी का ठेवला हे मला अजून कळलेलं नाही.

डोकं सरळ साफ करून टाकावं असं मी ठरवलं. नर्सबाईंनी सांगितलं होतं की वस्तरा लावायचा नाही, कापलं तर जखम चिघळेल. मशीनने बारीक करून घ्यायचे. पण सासूबाईंना हे पटेना. त्या एक्क्याऐंशीच्या आहेत आणि त्यांच्या लहानपणी त्यांनी जी डोकी भादरलेली पाहिली होती, ती सगळी विधवांची होती.

"नवरा समोर धडधाकट बसलाय आणि बायकोनं डोकं भादरायचं? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाय."

मी वाद घातला नाही. त्यांच्या आमटीने माझं काम केलं. सोमवारी त्यांच्या वाटीत एक केस निघाला, मंगळवारी दोन. बुधवारी त्यांनी भाताचा घास तोंडात घातला, थांबल्या, आणि दोन बोटांनी तोंडातून एक लांबलचक केस ओढायला लागल्या. तो येतच राहिला. संपल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बोलव रे त्या न्हाव्याला."

नवऱ्याचा नेहमीचा न्हावी दुकान बंद असतं त्या दिवशी आमच्या मागच्या पडवीत आला. त्याला फोनवर फक्त "घरी ये" एवढंच सांगितलं होतं. कोणासाठी ते कळल्यावर तो उठूनच उभा राहिला.

"वहिनी, मला जमायचं नाय. तीस वर्षं धंदा करतो, पण बाईच्या केसाला कात्री लावली नाय कधी."

"अरे, अर्धे गेलेतच. उरलेले घे."

"हात थरथरेल माझा."

त्याने पेटी उचलली. तेव्हा नवरा एकदम शर्ट काढून स्टुलावर बसला. "आधी माझे काढ," म्हणाला. "हात बसेल तुझा. मग तिचे."

हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने न ठरवता केलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. पण त्याचं कौतुक करायला मला वेळ मिळाला नाही, कारण न्हाव्याच्या जिवात जीव आला आणि त्याचा हात सवयीने सुटला. पुरुषाचं सबंध डोकं करायचं तर त्याच्या हाताला एकच पद्धत ठाऊक होती. वस्तरा सरसर फिरला. डोकं गुळगुळीत झालं, मागे चार केसांची शेंडी राहिली, आणि आम्ही काही बोलायच्या आत मिशीही गेली.

न्हावी थांबला. वस्तऱ्याकडे बघितलं. "अरे देवा," म्हणाला, "मिशी नव्हती काढायची का?"

लग्नानंतर मी नवऱ्याचा वरचा ओठ पहिल्यांदाच पाहिला. तो अगदी पातळ होता, शाळेतल्या मुलासारखा. नवऱ्याने आरसा घेतला, ओठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "शेंडी तरी काढ."

त्यानंतर माझे केस काढले. मशीनची गुणगुण टाळूवरून फिरत होती आणि न्हावी डोळे जवळजवळ मिटून, देवाची मूर्ती पुसावी तसा हलक्या हाताने काम करत होता. मी रडेन असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सासूबाई पदराचं टोक हातात घेऊन तयार बसल्या होत्या. पण केस गेले तसं ते ठणकणं निम्म्याने थांबलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी "आहाहा" म्हणाले. सासूबाईंनी पदर खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवरा जनरल शिफ्टला गेला. टोपी घालून जा, असं मी सांगितलं होतं. "मला कसली लाज?" म्हणत तसाच गेला. डोक्यावर केस नाहीत, मिशी नाही, आणि रात्री झोप नसल्याने डोळे लाल. कंपनीत त्याला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. सगळे हळू आवाजात बोलत होते, एकाने पाठीवर हात ठेवला आणि साहेबांनी त्याला स्वतःहून चहा दिला. आपल्या बायकोच्या आजाराबद्दल लोकांना किती वाटतं, म्हणून तो भारावून गेला होता. सगळ्यांना म्हणत होता, "काय करणार, सोसायला हवं."

दुपारी चारच्या सुमाराला सासूबाई पुढच्या ओटीवर बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी आत मशीनवर होते. फाटक वाजलं. कंपनीतले सकाळच्या शिफ्टचे दोघेजण आणि मागे एकाची बायको, तिघंही पांढऱ्या कपड्यांत. बाईंच्या हातात डबा. ओटीवर सासूबाईंना पाहून ते जिथल्या तिथे थांबले.

"या," सासूबाई म्हणाल्या. "बसा. तो अजून यायचाय."

कोणी बसेना. माझी नजर त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवरून डब्यावर गेली आणि मला एकदम सगळं कळलं. मी डोक्यावर ओढणी घेत बाहेर आले. माझं डोकं बघून त्यांचा आणखीच गोंधळ उडाला. नवऱ्याचं मुंडण झालेलं, बायकोचंही झालेलं आणि आई वाल सोलतेय. गेलंय तरी कोण?

"कोण गेलं?" सासूबाईंनीच विचारलं. गावातल्या मयताची बातमी त्यांना सगळ्यांच्या आधी लागते.

"नाही, म्हणजे… आम्हाला कळलं की…" त्यातले वयस्कर गृहस्थ चप्पल अर्धी पायात, अर्धी बाहेर, अशा अवस्थेत म्हणाले, "भाऊंची मिशी…"

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तसा मी नातवंडांच्या बारशातही पाहिला नव्हता.

"मी गेले होय? कधी?"

"काल," बाई चाचरत म्हणाल्या. "ग्रुपवर आलं."

"आणि तुम्ही भेटायला आलात?"

"हो."

"मग बसा की. आलाच आहात तर बोला चार शब्द. मला तरी कधी ऐकायला मिळायचे?"

त्यांनी बोलायला लावलंच. वयस्कर गृहस्थ ओटीच्या कडेवर टेकले आणि "फार मायाळू होत्या" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "होत्या काय? पुढं?" मग हाताला चव होती, आल्यागेल्याला कधी रिकाम्या पोटी पाठवलं नाही, असं सगळं झालं. दुसऱ्याने "शेवटी त्रास झाला नाही हे बरं झालं" असं सवयीने म्हटलं आणि जीभ चावली. डब्यात कडू घास म्हणून आणलेली मुगाची खिचडी होती. सासूबाईंनी ती उघडून चाखली आणि मीठ कमी आहे असं सांगितलं.

मी चहाचं निमित्त करून आत पळाले. ओट्याला धरून इतकी हसले की टाके दुखले. गाठ सापडल्यापासून मी तोंडदेखलं पुष्कळ हसत होते. असं हसले नव्हते. नवरा शिफ्ट संपवून आला तेव्हा फाटकाशी आणखी चार चपलांचे जोड होते आणि त्याची आई आपल्याच सांत्वनाला आलेल्यांना वाल सोलायला लावत होती.

डोकं साफ झालं तरी त्याची कुरबूर संपली नव्हती. राहिलेले खुंट जिथे तिथे अडकायचे, टोपीत, ओढणीत, उशीत. प्रत्येक खुंट उलटा फिरला की सुई टोचल्यासारखं व्हायचं. मग नवऱ्याने उपाय काढला. पुडक्यांना लावायची रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून तो रोज संध्याकाळी माझं डोकं हलके हलके टिपायचा. खुंट पट्टीला चिकटून यायचे. तो पट्टी उजेडात धरून बघायचा आणि "आज कमी निघाले" असं सांगायचा. लहान मुलांच्या साबणाने, कोमट पाण्याने डोकं धुवायचं, चोळायचं नाही, टिपायचं, आणि बारीक पुळ्या आल्या तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही लावायचं नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. येणारी प्रत्येक बाई मात्र काहीतरी सुचवायची. कांद्याचा रस, जास्वंद, माका. एकीने शेणाच्या राखेचं नाव काढलं तेव्हा सासूबाईंनीच तिला चहा न देता वाटेला लावलं.

टोप्या विकतच्या आणल्या, त्या आतून टोचायच्या. शिवण आतल्या बाजूला असते आणि उघड्या टाळूला प्रत्येक टीप जाणवते. ब्लाऊज बिघडलेल्या गिऱ्हाइकासारखी मी चार दिवस कुरकुरले, मग लक्षात आलं की शिवणकाम माझाच तर धंदा आहे. सासूबाईंचं एक जुनं लुगडं धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालं होतं. ते द्यायला त्या दोन दिवस घासाघीस करत होत्या. त्याच्या मी सहा टोप्या शिवल्या, सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला. लोकांना वाटायचं मी टोपी उलटी घातलीय. उशीला परकराच्या सॅटिनचा अभ्रा केला. त्यावर डोकं टेकलं आणि दुपारी सलग दोन तास झोपले. उठले तर डोकं उशीवरून घसरून खाली गादीवर आलेलं होतं, पण झोप मोडली नव्हती.

नदीकाठच्या वाडीतली एक बाई आमच्याकडे चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली घेऊन येते. एप्रिलमध्ये ती आली तेव्हा उकाड्याने मी टोपी काढून ओल्या रुमालाने टाळू टिपत होते. तिने टोपली खाली ठेवली आणि सरळ माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तोवर कोणी विचारल्याशिवाय हात लावला नव्हता, आणि विचारूनही फारसं कोणी लावला नव्हता. तिचा हात खरखरीत होता, पण थंड होता.

"बरा झाला ताय," ती म्हणाली. "उवा व्हायच्या नाय."

"आणि?"

"आन् त्याल वाचला. परत येतील गो. गवत काय परत येत नाय का?"

मी त्या दिवशी दोन चिंबोऱ्या जास्त घेतल्या.

मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. माझी थोरली बहीण पेणला रामवाडीत असते, तिची ही एकुलती मुलगी. पाचवी केमो होऊन अडीच आठवडे झाले होते, मास्क लावून जायला डॉक्टरांची परवानगी होती. बहीण आठ दिवस आधी रोह्याला आली ती पिशवीत विग घेऊन. पेणमधल्या कोणा बाईंकडे शाळांच्या गॅदरिंगचे पोशाख भाड्याने मिळतात, तिथून आणलेला. कुठल्यातरी नाटकातल्या राणीचा होता. वेणी गुडघ्यापर्यंत, वर प्लॅस्टिकचा गजरा शिवलेला आणि सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास.

"मी टोपी घालून येते," मी म्हटलं.

"बाय, ऐक माझं," ती हळूच म्हणाली. "मुलाकडच्यांना मी काही बोलले नाहीये. उद्या म्हणतील, आईच्या घरात हा आजार आहे, मुलीलाही व्हायचा. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

तिची भीती खोटी नव्हती, म्हणून मी विग घेतला. आतली जाळी टोचत होती, तिला लुगड्याचं अस्तर लावलं. अस्तराने विग आतून भरला आणि डोक्यावर बसण्याऐवजी वर उभा राहिला. लग्नाच्या दिवशी मी दोन इंच उंच झाले होते. बहिणीच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "आजारपण मानवलेलं दिसतंय तुला."

हॉलमध्ये पंखे होते, पण ते मांडवातली गरम हवा फक्त इकडून तिकडे करत होते. मंगलाष्टकांना मी पुढे उभी होते. मागच्या लोकांच्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोचत नव्हत्या, त्या सगळ्या माझ्यावर पडत होत्या. त्यातल्या काही विगच्या कडेने आत शिरल्या. घाम, अक्षता आणि कुंकू असा चिखल टाळूवर हळूहळू सरकत होता. पाचव्या मंगलाष्टकाला खाज असह्य झाली. खाजवायला हात वर केला तर सबंध विग फिरला आणि वेणी खांद्यावरून पुढे आली. शेवटच्या "सावधान"ला मी कशीबशी उभी होते. टाळ्या वाजल्या आणि मी वधूपक्षाच्या खोलीकडे धावले.

ती खोली भरलेली होती. शेजारचं दार ढकललं, आत कोणी नव्हतं. विग उपटून खुर्चीवर टाकला, बाटलीतल्या गार पाण्याने रुमाल भिजवला आणि डोक्यावर दाबून धरला. तांदूळ टपटप खाली पडत होते. मी डोळे मिटले. तेवढ्यात दार उघडलं. नवऱ्यामुलाची आई दारात उभी होती. मी वरपक्षाच्या खोलीत शिरले होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खुर्चीवरच्या वेणीकडे बघितलं. दार आतून लावलं.

"उकडतंय ना?" त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा भलाथोरला गजरा काढून ठेवला. मग तीन-चार आकडे काढले आणि आपला अर्धा अंबाडा उचलून माझ्या विगशेजारी ठेवला. खाली त्यांचे स्वतःचे केस सुपारीएवढे गोळा झालेले होते.

"थायरॉइड," त्या म्हणाल्या. "गंगावन लावल्यापासून मान आखडलीय माझी."

बहिणीने सांगितलं नाही ते तुम्हाला फसवायचं म्हणून नव्हे, असं काहीतरी मी पुटपुटले.

"अहो, आम्हाला सगळं माहीत होतं. रोह्याला माझी मावसबहीण असते ना. तुमच्या सासूबाई वारल्याचंही कळलं होतं आम्हाला. आत्ता त्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी मागताना दिसल्या तेव्हा मी घाबरलेच."

आम्ही दोघी त्या खोलीत बसून हसलो. मग त्यांनी आपल्या ओल्या रुमालाने माझ्या मानेवरचं कुंकू पुसलं. बहीण मला शोधत आली आणि दारातून तिने जे बघितलं त्याने तिचा रंगच उडाला. विहीणबाईंनी तिला आत ओढलं. "लग्न लागलंय," त्या म्हणाल्या. "आता तुमचं काही लपवून चालायचं नाही, आमचंही नाही." बहीण उभ्या उभ्या रडली. महिनाभराचं ओझं होतं ते. जेवायला मी लुगड्याची टोपी घालून बसले. विहीणबाई गंगावनाशिवाय बसल्या. फोटोग्राफरने दोघींना बाजूच्या रांगेत ठेवायचा प्रयत्न केला, त्याला तिघींनी मिळून गप्प केलं.

जूनमध्ये सहावी केमो झाली. ऑगस्टमध्ये टाळूवर कापसासारखी लव आली. ती येतानाही खाजली, पण त्या खाजेबद्दल मी तक्रार केली नाही. माझे सरळ, काळे केस गेले होते, आले ते पांढरट आणि कुरळे. सासूबाईंनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे आपल्या घराण्यातले नाहीत."

दिवाळीच्या आधी तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितले आणि आता तीन महिन्यांनी या, एवढंच म्हणाले. नवऱ्याने बाहेर आल्यावर ते वाक्य मला तीनदा परत सांगायला लावलं. येताना आम्ही रोह्याचा फाटा मागे टाकून मुद्दाम कोलाडपर्यंत गेलो. हायवेच्या कडेला एका हॉटेलात मिसळ चांगली मिळते, आणि फेब्रुवारीपासून मी तिखट खाल्लं नव्हतं. मी रस्त्याकडे तोंड करून बसले होते, अंगात पंजाबी ड्रेस, डोकं उघडं, केस दीड इंच. चष्मा कपाळावर चढवलेले मालक मागून आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी विचारलं, "काका, कट जास्त देऊ का?"

नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला होता, तो टेबलभर उडाला. मालकांनी चष्मा खाली घेतला, माझा चेहरा बघितला आणि माफी मागायला सुरुवात केली.

"जास्त द्या," मी म्हटलं. "काकांना तिखट चालतं."